किरुआक आडनाव फ्रान्सच्या नकाशावर का सापडत नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. विचारणारे माँट्रिऑलला भाड्याने राहतात, घरमालक काकांचं आडनाव किरुआक. काका सांगतात आम्ही मूळचे फ्रान्समधल्या ब्रिटनीचे, भिंतीवर कुलचिन्हाची फ्रेमसुद्धा लावलीय. यांनी आडनावांचा नकाशा दाखवणाऱ्या साइटवर नाव टाकून बघितलं तर फ्रान्स जवळजवळ कोरा आणि ब्रिटनीत तर काहीच नाही. मग काकांना कुणी थापा मारल्यात का, आडनाव खरंच फ्रेंच आहे का, आणि काकांच्या सत्तरीला खरं मूळ शोधून भेट द्यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची.

काका बरोबर आहेत. नकाशाही बरोबर आहे. तुम्ही नकाशाला असं काहीतरी विचारताय जे त्याला माहीतच नाही, एवढाच घोळ आहे.

मी फ्रान्समध्ये गेली अठरा वर्षं वारस शोधायचं काम करते. म्हणजे कुणीतरी एकटं म्हातारं माणूस वारतं, मागे घर असतं, थोडे पैसे असतात, आणि नोटरी आमच्याकडे फाइल पाठवतो की बाबा रक्ताचं कोण उरलंय शोधा. त्यामुळे आडनावाचा अर्थ काय, घराणं किती मोठं, यात मला पोटापाण्यापुरता सुद्धा रस नाही, मला फक्त हा कागद कुठल्या माणसाचा आणि त्याच्या आधीचा कागद कुठे आहे एवढंच बघायची सवय. हे आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच सवयीतून येणार आहे.

आता तो नकाशा. फ्रान्समधले असले जवळजवळ सगळे नकाशे इन्से या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या जन्मनोंदींवर चालतात. १८९१ ते १९९० असे शंभर वर्षांचे जन्म, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार कप्प्यांत, आणि प्रत्येक जन्म ज्या जिल्ह्यात (तिकडे देपार्तमाँ म्हणतात) झाला तिथे टाकलेला. बास. यात पहिली अडचण अशी की ही नोंदवहीच मुळात १९४० च्या दशकात उभी राहिली, त्यामुळे पहिल्या कप्प्यात मुख्यतः तेव्हा हयात असलेली माणसं आली. १८९५ ला जन्मून पहिल्या महायुद्धात मेलेला तरुण तिथे नाहीच, आणि अशा मेलेल्या फ्रेंच सैनिकांचा आकडा तेरा लाखांच्या वर आहे. दुसरी अडचण, जन्म म्हणजे जिथे बाळंतपण झालं ते ठिकाण. जुन्या कप्प्यात बाई घरीच बाळंत व्हायची म्हणून गाव बरोबर येतं, शेवटच्या कप्प्यात सगळे जन्म मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात, मग गाव इकडे आणि ठिपका तिकडे. तिसरी म्हणजे पॅरिस. ब्रिटनीची रेल्वे ब्रेस्टपर्यंत १८६५ ला पोचली आणि तिथून लोक जे पॅरिसला यायला लागले ते माँपार्नास स्टेशनवर उतरून त्याच भागात राहिले, आजही तिथे क्रेपच्या दुकानांची रांग आहे ती त्यांचीच. त्यामुळे अस्सल ब्रेताँ (म्हणजे ब्रिटनीच्या) आडनावाचा सुद्धा पॅरिसवर एक जाड ठिपका असतोच, त्याचा मुळाशी काडीचा संबंध नसतो.

पण नकाशा बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाहीये हां. आडनाव भरपूर लोकांचं असेल तर तो सुंदर चालतो. ल गॉफ घ्या, म्हणजे ब्रेताँ भाषेत लोहार, किंवा ल बियां, म्हणजे धाकटा किंवा छोटा (मोर्बियां नावाचा जिल्हा आहे ना, त्यातलं मोर म्हणजे समुद्र आणि बियां म्हणजे हेच, छोटा समुद्र), ही नावं टाकलीत की ब्रिटनीचं पश्चिम टोक नुसतं रंगून निघतं. कारण लोहार शंभर गावांत होते आणि बुटकी माणसं प्रत्येक गावात, नाव एका वेळी अनेक ठिकाणी जन्मलं. दुर्मिळ आडनावाचं गणित वेगळं. तिथे शंभर वर्षांत मोजून वीस-पंचवीस जन्म असतात, आणि एका पोस्टमनची बदली होऊन त्याला तिकडे चार मुलं झाली की नकाशाचा गुरुत्वमध्यच हलतो. अशा आडनावाला भूगोल नसतो, एका कुटुंबाची गोष्ट असते, आणि ती गोष्ट कागद उलटे वाचतच जायला लागते.

आणि किरुआकची गोष्ट तर याच्याही पुढची आहे, कारण फ्रान्समध्ये हे आडनाव नव्हतंच. ते एका जागेचं नाव होतं.

ब्रिटनीच्या फिनिस्तेर जिल्ह्यात मोर्लेच्या ईशान्येला लान्मर नावाचं गाव आहे, त्याच्या हद्दीत केर्वोआक नावाची वस्ती. केर म्हणजे ब्रेताँमध्ये घर, वाडी, वस्ती असलं काहीतरी, आणि फिनिस्तेरचा नकाशा उघडलात तर केर ने सुरू होणाऱ्या हजारो जागा दिसतील, आपल्याकडे वाडी आणि पाडे दिसतात तशा. आता ल बियां नावाचं एक खाऊन-पिऊन सुखी घराणं, त्यातला एक माणूस युएलगोआत या गावात राजाचा नोटरी. ही मंडळी स्वतःला ल बियां, सियर द केर्वोआक म्हणवायची. सियर द म्हणजे अमक्या जमिनीचे धनी. ऐकायला सरदारकी वाटते पण त्या काळचे वकील, नोटरी, व्यापारी सर्रास असं लावायचे, गावात दहा ल बियां असले की आपण कुठले ते सांगायला बरं पडतं आणि थोडा रुबाबही होतो.

या नोटरीचा एक मुलगा युर्बां-फ्रांस्वा, बाप्तिस्मा १७०२ चा, युएलगोआतला. तरुणपणी एका लग्नात त्याच्यावर चोरीचा आळ आला, घरच्यांची अब्रू गेली, आणि नंतर पोरगा एकदम अटलांटिकपलीकडे, न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे आजच्या क्वेबेकमध्ये. तिथे तो व्यापार करायचा. १७३२ मध्ये काप-सँ-इन्यासला लुईझ बेर्निए नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि १७३६ मध्ये कामुरास्काला वारला. संसार चार वर्षांचा, मुलगे तीन. पण तिकडे गेल्यावर हा पठ्ठ्या सरळ स्वतःचं नाव लावेचना. एका कागदात अलेक्सांद्र, दुसऱ्यात मोरीस-लुई, आडनाव ल बियां ऐवजी ल ब्रीस किंवा ल ब्री, आणि शेपटाला मात्र द केर्वोआक कायम. का, ते तुम्हीच ठरवा, चोरीचा आळ डोक्यावर असलेल्या माणसाने नाव बदलावं यात मला तरी नवल वाटत नाही.

पोरं लहान, बाप मेलेला, आईला ब्रेताँ भाषा येत असायचं कारण नाही. पोरांकडे बापाची जी आठवण उरली ती शेपटाची, आणि तेच आडनाव झालं. आपल्याकडे नाही का, गावात असताना कुणी कुणाला गावाच्या नावाने हाक मारत नाही, सगळेच तिथले, माणूस गाव सोडतो तेव्हा त्याला -कर लागतो. तसंच, फक्त मधे समुद्र होता.

म्हणून तुमचा नकाशा कोरा आहे. १८९१ ला मोजणी सुरू होते तेव्हा हे नाव घेऊन जाणारा माणूस जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली होती, आणि जे भाऊबंद मागे राहिले ते ल बियांच राहिले. शोधायचंच असेल तर फ्रान्सच्या नकाशावर किरुआक टाकू नका, ल बियां टाका, म्हणजे भाऊबंद कुठल्या मुलखातले ते दिसेल. अर्थात त्यातले शंभरात नव्याण्णव यांच्या नात्यातले नसणार, कारण वर म्हटलं तसं बुटके सगळीकडे होते.

आता यातून आमच्या धंद्यातल्या लोकांनी काय शिकावं ते बघा. त्या खोट्या ल ब्री मुळे कित्येक दशकं सगळे चुकीच्या घराण्यामागे धावले. ल ब्री हेही खरंखुरं ब्रेताँ आडनाव, अर्थ ठिपकेवाला म्हणजे चेहऱ्यावर वांग-ठिपके असलेला, आणि ब्रिटनीत ल ब्री भरपूर, त्यामुळे शोध कधी संपेचना. अमेरिकन लेखक जॅक केरुआक, हाच तो, याच वंशातला, १९६५ मध्ये स्वतः फ्रान्सला आला होता पूर्वज शोधायला. आधी पॅरिसला ग्रंथालयात, मग ब्रेस्टला, आणि हात हलवत परत गेला. खरी ओळख पटली ती १९९० च्या दशकाच्या शेवटी, कॅनडातल्या किरुआक घराण्याच्या मंडळाच्या चिकाटीमुळे आणि ब्रिटनीतल्या एका वंशावळ अभ्यासक बाईंमुळे. नुसत्या बाप्तिस्म्याच्या वह्या बघत बसण्याऐवजी त्यांनी नोटरीचे आणि कोर्टाचे जुने कागद उपसले. मला हे फार पटतं. चर्चच्या वहीत माणूस आयुष्यात तीनदा येतो आणि तिथे तो सांगेल ते पाद्री लिहून घेतो, कोर्टात तो भांडायला येतो आणि भांडताना समोरचा त्याचं खरं नाव सांगतो.

स्पेलिंगचं पण सांगायलाच हवं कारण तुम्ही त्यात अडकणार. किरुआक, केरुआक, केरोआक, सुरुवातीला के कधी ई ने कधी आय ने, शेवटी कधी सी, कधी के, कधी दोन्ही, हे सगळं एकच. जुन्या हस्ताक्षरात यू आणि व्ही एकच अक्षर, त्यामुळे केर्वोआक वाचा की केरुआक वाचा, कारकुनाच्या दृष्टीने फरक नाही. आणि ब्रिटनीत एक खास खोड आहे. तिथले कारकून केर पूर्ण लिहायचेच नाहीत, दिवसातून पन्नास वेळा कोण लिहिणार, ते नुसता रोमन के काढायचे आणि त्याच्या पायावर एक आडवी तिरकी रेघ मारायचे. रेघवाला के म्हणजे केर, हे तिथल्या पोराला माहीत, बाहेरच्याला नाही. मी या धंद्यात नवीन असताना एका मयत बाईंची आजी शोधत होते, केर ने सुरू होणारं आडनाव, इंडेक्स बघितला, नाही, शेजारच्या चार पॅरिशचा (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) बघितला, नाही, तीन आठवडे गेले. शेवटी वैतागून मूळ पानंच एकेक करून बघायला बसले तर आजी तिसऱ्याच पानावर. रेघवाला के होता, इंडेक्स टाइप करणाऱ्याने रेघ म्हणजे शाईचा डाग समजून नाव नुसत्या के खाली टाकलं होतं. तेव्हापासून इंडेक्समध्ये नाही म्हणजे नाही असं मी कुणाला लिहून देत नाही.

तिकडे क्वेबेकमध्ये पुढे काय झालं ते तर तुमच्या आसपासच पसरलेलं आहे. सुरुवात सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर, काप-सँ-इन्यास आणि लिले या पट्ट्यात, मग खाली रिव्हिएर-द्यू-लूपकडे, मग शहरं. १८४० ते १९३० मध्ये साधारण नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन लोक अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांकडे गेले, त्यात हेही. जॅकचे वडील रिव्हिएर-द्यू-लूपजवळ जन्मले आणि न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला वाढले, जॅक स्वतः १९२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला जन्मला, आणि गंमत म्हणजे त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आडनाव किरुआक आहे, तुमच्या काकांसारखं. तुम्ही माँट्रिऑलला आहात म्हणजे बोटॅनिकल गार्डनला एकदा तरी गेला असाल. ते १९३१ मध्ये ज्यांनी उभं केलं ते ब्रदर मारी-व्हिक्तोरँ, त्यांचं घरचं नाव काँराद किरुआक. काकांना हे माहीत असणारच, पण तुम्ही म्हणालात की खूश होतील.

एक माणूस गेला आणि हजारो झाले हे तिकडे अगदी नेहमीचं. तुमच्याकडे दर दुसऱ्या गल्लीत भेटणारे त्रांब्ले घ्या, क्वेबेकमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, तर ते बहुतेक सगळे पिएर त्रांब्ले या एकाच माणसाचे वंशज, पेर्श भागातल्या राँदोने गावचा, १६४७ ला तिकडे पोचला, १६५७ ला लग्न केलं आणि बारा मुलं. त्याला बारा, आपल्या युर्बां-फ्रांस्वाला तीन आणि तेही पाऊणशे वर्षांनी उशिरा, म्हणून एक आडनाव कॉमन आणि दुसरं दुर्मिळ.

तुमचं काम खरं तर फ्रान्समध्ये नाहीच, ते तुमच्या शहरातच आहे. काकांच्या आई-वडिलांच्या लग्नापासून सुरुवात करा. क्वेबेकमध्ये १९९४ च्या आधी चर्चच्या वह्या याच सरकारी नोंदी होत्या, प्रत्येकीची दुसरी प्रत कोर्टाकडे जायची, आणि कॅथलिक लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही आई-वडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. हे किती मोठं सुख आहे ते तुम्हाला कळायचं नाही, मला विचारा. लग्नावरून आई-वडील, त्यांच्या लग्नावरून त्यांचे, असं शिडीसारखं मागे जायचं, काकांपासून १७३२ पर्यंत साधारण सात-आठ पायऱ्या होतील. जुन्या वह्या क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, आणि १८०० च्या आधीचं जवळजवळ सगळं माँट्रिऑल विद्यापीठाच्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाने माणसागणिक जोडून ठेवलंय. अलीकडची साधारण शंभर वर्षं मात्र गोपनीयतेमुळे बंद असतात, तेवढं काकांकडूनच विचारून घ्या, जुन्या श्रद्धांजलीच्या कार्डांवर आणि पेपरातल्या निधनवार्तांमध्ये बरंच सापडतं.

यात काय काय बिघडू शकतं तेही ऐका. मधे कुठे दत्तक असेल तर शिडी दुसऱ्याच भिंतीला लागते, कागदावर किरुआक आणि रक्ताने कुणी वेगळंच. एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असतात आणि दोघांच्या बायका मारी, तिथे बायकोचं माहेर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि एखाद्या पिढीत स्पेलिंग बदललं म्हणून थांबू नका. इंटरनेटवर तयार झाडं मिळतील, ती वाटाड्या म्हणून वापरा, पण प्रत्येक लग्नाचं मूळ पान स्वतः डोळ्यांनी बघा.

कुलचिन्हाच्या फ्रेमबद्दल काकांशी वाद घालू नका, पण ती पुरावा म्हणून धरू नका. आडनाव सांगा आणि चिन्ह घेऊन जा अशी दुकानं जगभर आहेत. डीएनए टेस्ट तुमच्याकडे करता येईल, पण फ्रान्समध्ये हौसेखातर अशी टेस्ट करणं कायद्याने बंद आहे, दंड ३,७५० युरोपर्यंत, त्यामुळे पलीकडच्या ल बियांपैकी जुळवायला फारसं कुणी सापडणार नाही. पैसे वाचवा.

भेटीचं म्हणाल तर मी असं करीन. शिडी एका कागदावर, हाताने लिहिलेली, प्रत्येक पायरीवर लग्नाचं वर्ष आणि गाव. शेजारी १७३२ च्या काप-सँ-इन्यासच्या नोंदीचा प्रिंट. आणि फिनिस्तेर जिल्हा अभिलेखागाराच्या साइटवर युएलगोआत पॅरिशच्या १७०२ च्या बाप्तिस्म्याच्या वहीत जा, ती फुकट आहे, फक्त हस्ताक्षराला डोळे सरावायला एक संध्याकाळ द्या. तिथे किरुआक शोधत बसू नका, पाद्र्याने पोराचं नाव युर्बां-फ्रांस्वा आणि आडनाव ल बियां लिहिलेलं असेल. पान सापडलं आणि वाचता आलं नाही तर फोटो इथेच टाका, मी साधारण रविवारी बघते.